तेलाने बिघडलेली माती वनस्पती आणि जिवाणूंच्या साहाय्याने कशी सुधारावी

मातीत डिझेल, क्रूड (कच्चे खनिज तेल) किंवा वंगण तेल मुरले की ती माती खणून दुसरीकडे नेऊन टाकणे हा झटपट उपाय वाटतो. पण त्यात तेल नाहीसे होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. याउलट मातीतील जिवाणू आणि बुरशी तेलाचा अन्न म्हणून वापर करतात आणि त्याचे शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व स्वतःच्या पेशी यांत रूपांतर करतात. हे जिवाणू बहुतेक जमिनींत मुळातच असतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर, मायकोबॅक्टेरियम ही त्यांपैकी वारंवार आढळणारी नावे. त्यांची संख्या कमी असली तरी तेल मिळताच ती काही आठवड्यांत अनेक पटींनी वाढते. मग काम अडते कशामुळे? हवा, नत्र, स्फुरद आणि ओलावा यांपैकी काहीतरी कमी पडते म्हणून. त्यामुळे या पद्धतीत आपले मुख्य काम जिवाणू आणून ओतण्याचे नसून त्यांच्या वाटेतला अडथळा ओळखून तो दूर करण्याचे आहे. वनस्पतींचा उपयोगही याच दृष्टीने समजून घ्यावा.

कोणत्या जमिनीवर ही पद्धत लागू पडते

मुळे आणि हवा जिथपर्यंत पोहोचतात तिथपर्यंतच ही पद्धत चालते. गवतवर्गीय वनस्पतींची बहुतांश मुळे वरच्या ३० ते ६० सेंटिमीटरांत असतात. तेल दोन-तीन मीटर खोल गेले असेल तर वर कितीही दाट गवत उगवले तरी खालच्या तेलाला धक्का लागत नाही. भूजल एक मीटरच्या आत असेल, जमिनीला तीव्र उतार असेल किंवा जवळ विहीर असेल, तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो आणि पुष्कळदा माती उचलून अभेद्य अस्तर घातलेल्या, बांध घातलेल्या वाफ्यात नेऊनच पुढचे काम करावे लागते.

तेलाचा प्रकारही पाहावा. डिझेल, रॉकेल आणि हलके क्रूड यांतील सरळ साखळीचे हायड्रोकार्बन (कार्बन व हायड्रोजनची संयुगे) जिवाणू सर्वांत आधी खातात. त्यानंतर फांद्या असलेल्या साखळ्या आणि लहान ॲरोमॅटिक (कार्बनच्या वलयांची) संयुगे यांची पाळी येते. चार-पाच वलयांची ॲरोमॅटिक संयुगे फार सावकाश विघटित होतात, तर डांबरासारखा ॲस्फाल्टीनचा भाग जवळजवळ तसाच राहतो. पेट्रोल सांडले असेल तर त्यातला बराच भाग हवेत उडून जातो. तिथे आगीचा आणि बेंझिनच्या वाफांचा धोका हा पहिला प्रश्न असतो, लागवड नंतरची. वापरलेल्या इंजिन तेलात शिसे, जस्त यांसारखे धातू असू शकतात आणि धातूंचे विघटन कोणताही जिवाणू करू शकत नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले तेल असल्याची शंका असेल, तर त्यात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल ही विषारी, टिकाऊ रसायने) आहेत का याची तपासणी झाल्याशिवाय त्या मातीला हातही लावू नये.

सुरुवातीच्या धांदलीत होणारी दोन कामे कटाक्षाने टाळावीत. पहिले म्हणजे साबण किंवा डिटर्जंट टाकून माती धुणे: त्यामुळे मातीच्या कणांना धरून बसलेले तेल सुटते आणि पाण्याबरोबर खाली भूजलाकडे जाते. दुसरे म्हणजे तेल पेटवून देणे. हलका भाग जळतो, जड भाग मागे राहतो आणि माती पाणी धरेनाशी होते. जमिनीवर तेल साचलेले असेल तर ते उपसून किंवा शोषक पदार्थाने टिपून घ्यावे. साचलेल्या तेलावर जैविक उपचार करण्यात अर्थ नाही.

तपासणी

नमुने घेताना संपूर्ण जागेचा एकच सरासरी नमुना घेण्याचा मोह होतो, परंतु तेल मातीत कधीही सारखे पसरलेले नसते. जागेचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात पाच ठिकाणची माती एकत्र करावी, आणि ०–१५, १५–३०, ३०–६० व ६०–१०० सेंटिमीटर अशा थरांचे नमुने वेगवेगळे ठेवावेत. नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा, कारण प्लास्टिक तेल शोषून घेते आणि रिकाम्या जागेत वाफा उडून जातात. बाटल्या सुमारे ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत द्याव्यात.

प्रयोगशाळेकडून एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पीएच, विद्युतवाहकता (मातीतल्या क्षारांचे माप), सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र व स्फुरद आणि जड धातू एवढे तरी मागून घ्यावे. एकूण हायड्रोकार्बनची नेहमीची चाचणी साधारणपणे १० ते ४० कार्बनच्या साखळ्या मोजते. पेट्रोलसारखे बाष्पशील पदार्थ तिच्यात येत नाहीत, त्यांची चाचणी वेगळी सांगावी लागते. विद्युतवाहकतेकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. तेलविहिरीजवळच्या गळतीत क्रूडसोबत खारे पाणीही आलेले असते, आणि अशा जागी गवत उगवत नाही तेव्हा दोष तेलाला दिला जातो, खरे कारण मीठ असते. वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर आधी निचरा आणि क्षारांचा प्रश्न सोडवावा. सोडियम जास्त असल्यास जिप्सम द्यावे.

अहवाल येईपर्यंत जागेवरच करण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. मूठभर माती सावलीत पूर्ण सुकवून सपाट पसरावी आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब अलगद ठेवावा. चांगली माती तो क्षणात पिते. तेल लागलेल्या मातीवर थेंब गोल मण्यासारखा उभा राहतो. त्याच्या कडेने धुळीचे कण वर चढतात आणि तो हलवला तर माती न भिजवता सरकतो. पाच सेकंदांहून जास्त वेळ थेंब टिकला तर माती पाणी झिडकारू लागली आहे असे समजावे, आणि मिनिटाहून अधिक टिकला तर नुसते वरून पाणी देऊन ती भिजणार नाही हे ओळखून आधी सेंद्रिय पदार्थ मिसळण्याची तयारी करावी. हीच परीक्षा दर महिन्याला केली तर सुधारणा डोळ्यांना दिसते.

हायड्रोकार्बनचे प्रमाण ५ टक्क्यांहून, म्हणजे किलोमागे ५०,००० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर जिवाणूंचीही वाढ खुंटते. अशी माती कमी प्रदूषित मातीत किंवा कंपोस्टमध्ये मिसळून प्रमाण खाली आणावे लागते. वनस्पतींची सहनशक्ती त्याहून कमी असते. २ ते ३ टक्क्यांच्या वर बहुतेक बियांची उगवण आणि वाढ मार खाते.

पहिला टप्पा: मशागत, ओलावा आणि खत

माझ्या मते पहिल्या दिवसापासून लागवड करण्याची घाई चुकीची आहे. तेल ताजे आणि भरपूर असताना आधी दोन ते तीन महिने केवळ मशागतीवर भर द्यावा आणि वनस्पती त्यानंतर आणाव्यात, कारण एकदा लागवड झाली की नांगर चालवता येत नाही, आणि सुरुवातीच्या काळात हवेची गरज सर्वांत मोठी असते. तेलाच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला त्याच्या वजनाच्या सुमारे साडेतीनपट ऑक्सिजन लागतो. एक किलो तेलासाठी साधारण १२ ते १३ घनमीटर हवेतला सगळाच्या सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो असा हिशेब निघतो. दबलेल्या, तेलकट, चिकण मातीत एवढी हवा आपणहून शिरत नाही.

म्हणून माती ३० सेंटिमीटरपर्यंत मोकळी करून, ढेकळे फोडून, तिच्यात आकारमानाच्या १० ते २० टक्के चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत मिसळावे. कच्चा भुसा किंवा लाकडाचा चुरा मातीला पोकळी देतो खरा, पण तो कुजताना उपलब्ध नत्र स्वतःच ओढून घेतो, तेव्हा तो वापरलाच तर नत्राची मात्रा वाढवावी लागते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी माती उलथावी, पण ती वाफशावर असतानाच. ओल्या चिखलात रोटाव्हेटर घातला तर घट्ट गोळे बनतात, त्यांच्या आत हवा पोहोचत नाही आणि वर्षभराने गोळा फोडला तरी आतून तेलाचा तोच वास येतो.

ओलावा मातीच्या जलधारणशक्तीच्या ५० ते ८० टक्क्यांदरम्यान ठेवावा. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा, बोटाने टोचल्यावर फुटावा आणि हाताला पाणी सुटू नये, एवढी ओल पुरेशी आहे. पाणी साचले तर ऑक्सिजन संपतो आणि विघटन मंदावते. सखल जागी सरी-वरंबे करणे त्यासाठी उपयोगी पडते. पीएच ६ ते ८ दरम्यान असावा. आम्ल जमिनीला चुना द्यावा. तापमान १० अंशांच्या खाली गेले की काम बरेच मंदावते, त्यामुळे उबदार हंगाम मशागतीसाठी राखून ठेवावा.

खताच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून एक हिशेब पूर्ण करून पाहू. समजा १०० चौरस मीटर जागा आहे आणि ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत २ टक्के तेल आहे. ही माती ३० घनमीटर, म्हणजे सुमारे ४० टन; तिच्यात तेल सुमारे ८०० किलो, आणि तेलात कार्बन ८५ टक्के धरला तर ६८० किलो कार्बन. पुस्तकांत कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे १०० : १० : १ असे प्रमाण दिलेले असते. त्यानुसार ६८ किलो नत्र आणि सुमारे ७ किलो मूलद्रव्यी स्फुरद लागेल. प्रत्यक्षात तेलाचा काही भाग विघटित होतच नाही आणि मेलेल्या जिवाणूंतले नत्र पुन्हा वापरात येते, त्यामुळे निम्म्या मात्रेवर, म्हणजे ३४ किलो नत्रावर नियोजन करणे पुरेसे असते.

मात्र ही मात्रा एकदम देता येत नाही. खत मातीतल्या पाण्यात विरघळते आणि जिवाणू त्या पाण्यातच राहतात. वरच्या उदाहरणात १५ टक्के ओलावा असेल तर ४० टन मातीत पाणी केवळ ६,००० लिटर आहे. मातीतल्या पाण्यात लिटरमागे २,००० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र झाले की क्षारतेच्या ताणाने जिवाणूंचे काम उलट मंदावते. त्या हिशेबाने एका वेळची कमाल मर्यादा १२ किलो नत्र, म्हणजे सुमारे २६ किलो युरिया इतकी येते. या मर्यादेला टेकण्याची काहीच गरज नाही. पहिला हप्ता ४ किलो नत्राचा, म्हणजे साधारण ९ किलो युरियाचा द्यावा, मातीत लगेच मिसळावा आणि तीन-चार आठवड्यांनी नत्राची चाचणी करूनच पुढचा हप्ता ठरवावा. जादा नत्र नायट्रेटच्या रूपात भूजलात उतरते. एक प्रदूषण घालवताना दुसरे करण्यात शहाणपण नाही. स्फुरद मातीत फारसे हलत नाही, त्यामुळे ते सुरुवातीला एक-दोन हप्त्यांत मिसळून द्यावे. निम्म्या मात्रेसाठी १६ टक्क्यांचे (हे टक्के मूलद्रव्यी स्फुरदाचे नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचे असतात) सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ५० किलो लागते.

दुसरा टप्पा: लागवड

वनस्पती तेल पिऊन घेतात हा समज पुष्कळांच्या मनात पक्का बसलेला आहे, पण तो चुकीचा आहे. पाण्यात न विरघळणारे, मेदात विरघळणारे जड हायड्रोकार्बन मुळांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. ते रोपाच्या आत जवळजवळ जात नाहीत. वनस्पतींचे खरे काम मुळांभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत चालते. मुळांतून शर्करा, सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले पाझरतात, त्यांवर जिवाणूंची दाट वस्ती पोसली जाते, आणि ही वस्ती तेलाचेही विघटन करते. शिवाय मुळे माती फोडतात, आणि जुनी मुळे कुजली की त्यांच्या पोकळ्यांतून हवा व पाणी आत जाते, म्हणजे नांगर थांबल्यावर त्याचे काम मुळे पुढे चालवतात.

म्हणून वनस्पती निवडताना वरची हिरवाई न पाहता मुळांचा पसारा पाहावा. तंतुमय मुळांची गवते या कामी सर्वोत्तम ठरतात: थंड हवामानात फेस्क्यू आणि रायग्रास, उष्ण हवामानात हरळी, गिनी गवत, ज्वारी (धान्यासाठी नव्हे) आणि वाळा. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि उतारावरची मातीही धरून ठेवतात. सोबत लसूणघासासारखे द्विदल पीक घ्यावे. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्थिर करतात. तेलकट मातीत या गाठी कमी बनतात, तेव्हा केवळ त्यावर विसंबून खत बंद करू नये. अधिक खोलीसाठी विलो आणि पॉप्लर ही झाडे वापरली जातात. एकाच जातीपेक्षा तीन-चार जातींचे मिश्रण बरे, कारण त्याच जागेतल्या एका कोपऱ्यात जे टिकते ते दुसऱ्या कोपऱ्यात मरते. जागेच्या कडेला आपोआप उगवून तग धरलेले गवत दिसले तर ते आधी निवडावे. त्याने आपली परीक्षा आधीच दिलेली असते.

पेरणीआधी उगवणचाचणी अवश्य घ्यावी. प्रदूषित माती, तिच्याच जातीची स्वच्छ माती आणि दोन्हींचे समप्रमाणात मिश्रण अशा कुंड्यांमध्ये प्रत्येकी ठरावीक बिया पेराव्यात आणि दोन-तीन आठवडे पाहावे. नुसते कोंब मोजून थांबू नये. बी स्वतःच्या साठ्यावर उगवते, खरा फरक मुळांत दिसतो. रोप उपटून मुळे धुतली की स्वच्छ मातीतली मुळे पांढरी व केसाळ, तर तेलकट मातीतली आखूड, जाडसर आणि टोकाशी तपकिरी दिसतात. प्रदूषित कुंडीतील उगवण स्वच्छ कुंडीच्या निम्म्याहून कमी असेल तर मशागतीचा टप्पा आणखी लांबवावा.

शेतात बियाण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा दुप्पट-अडीचपट ठेवावे आणि वाळ्याचे ठोंब १५ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. वरच्या पाच सेंटिमीटर थरात कंपोस्ट भरपूर असेल तर कोवळ्या मुळांना पहिले आठवडे निभावता येतात. लागवडीनंतर खालची पाने पिवळी पडू लागली तर ते बहुधा विषबाधेचे लक्षण नसून नत्राच्या ओढाताणीचे असते: जिवाणू आणि रोप एकाच नत्रासाठी झगडत असतात आणि जिवाणू जिंकतात. अशा वेळी युरियाचा छोटा हप्ता द्यावा. गवत वाढले की अधूनमधून कापावे, म्हणजे फूट चांगली येते. कापलेले गवत जनावरांना घालू नये आणि त्या जागेत खाण्याचे पीक घेऊ नये. पानांवर तेलकट माती उडालेली असते.

विकतचे जिवाणू

बाजारात तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर मिळते आणि खरेदीची घाई साहजिक आहे. या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला जिवाणू भारतीय-अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी तयार केला. तेलातील अनेक घटक पचवू शकणाऱ्या त्या स्यूडोमोनासच्या पेटंटवर १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अनुकूल निर्णय दिला, आणि सजीवाच्या पेटंटचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. प्रत्यक्ष तेलगळतीवर मात्र तो जिवाणू कधी वापरला गेला नाही. याउलट मार्च १९८९ मध्ये एक्झॉन वाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर सुमारे ४ कोटी लिटर क्रूड सांडले, तेव्हा किनाऱ्यावर नत्र-स्फुरदयुक्त खते टाकण्यात आली आणि तिथल्याच जिवाणूंनी विघटनाचा वेग काही पटींनी वाढवला. त्याच किनाऱ्यावर दगडगोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा ठिकाणी, दशकांनंतरही तेल सापडले. मर्यादा जिवाणूंची होती की हवेची, हे त्यावरून स्पष्ट होते.

बाहेरून सोडलेले जिवाणू नव्या मातीत बहुधा टिकत नाहीत. स्थानिक जिवाणूंशी स्पर्धा आणि प्रोटोझोआंची (जिवाणू खाणाऱ्या एकपेशीय जीवांची) भूक यांत ते संपतात. तरीही खोलवरून उपसलेली, सेंद्रिय पदार्थ नसलेली माती असेल किंवा जड ॲरोमॅटिक संयुगांचा प्रश्न असेल, तर त्यांचा विचार करावा. त्याआधी तीन बादल्यांची परीक्षा घ्यावी: एका बादलीत केवळ खत, दुसऱ्यात खत आणि विकतची पावडर, तिसऱ्यात खत आणि वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली तीच पावडर. सहा ते आठ आठवड्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या बादलीत फरक नसेल, तर त्या पावडरीतले जिवाणू काही करत नाहीत, तिच्यातला भुसा आणि पोषकद्रव्येच काम करत आहेत. याहून चांगला आणि फुकटचा स्रोत म्हणजे त्याच जागेच्या कडेची जुनी, हलकी प्रदूषित माती. तिच्यातल्या जिवाणूंना त्या तेलाची सवय झालेली असते. अशा काही पाट्या माती कंपोस्टबरोबर मिसळली की पुरते.

मोजमाप आणि काम कधी थांबवावे

सुरुवातीलाच एक छोटा पट्टा काहीही न करता सोडून द्यावा. त्याशिवाय झालेली घट उपचारामुळे आहे, हवेत उडून गेल्यामुळे आहे की कंपोस्ट मिसळल्याने माती पातळ झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. २० टक्के कंपोस्ट मिसळल्याने मातीतले तेल कमी होत नाही, फक्त आकडा घटतो. म्हणून मिश्रणानंतरचा नमुना हाच आरंभबिंदू धरावा. दुसरी अडचण उलट दिशेची आहे. कंपोस्ट आणि पाने यांतील नैसर्गिक मेणही हायड्रोकार्बनच्या चाचणीत मोजले जाते आणि माती सुधारत असताना आकडा वाढलेला दिसतो. प्रयोगशाळेला अर्क सिलिका जेलमधून गाळून मग मोजायला सांगावे.

सोय असेल तर सतरा कार्बनची सरळ साखळी आणि प्रिस्टेन (तेलातलाच फांद्या असलेल्या साखळीचा हायड्रोकार्बन) यांचे गुणोत्तर मागावे. दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने उडतात, पण जिवाणू सरळ साखळी आधी खातात, त्यामुळे गुणोत्तर घटले तर विघटन जैविक आहे याची खात्री पटते. क्रूडच्या बाबतीत होपेन या जवळजवळ अविघटनशील संयुगाशी तुलना करणे अधिक विश्वसनीय असते.

नमुने दर तीन महिन्यांनी, त्याच चौकोनांतून आणि त्याच थरांतून घ्यावेत. आलेख आधी वेगाने उतरतो आणि नंतर आडवा होतो. डिझेलच्या मातीला अनुकूल हवामानात एक ते दोन हंगाम लागतात. जड क्रूडला अनेक वर्षे. आलेख आडवा झाल्यावर उरलेले तेल मातीच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेले असते आणि अधिक खत देऊन फारसे हलत नाही. त्या वेळी प्रदूषण नियंत्रण यंत्रणेची त्या जमिनीच्या वापरासाठी असलेली मर्यादा गाठली आहे का हे पाहावे, आणि सोबत उगवणचाचणी, गांडुळांची जगण्याची चाचणी व निक्षालनातील (मातीतून झिरपून निघालेल्या पाण्यातील) तेलाची चाचणी करून घ्यावी. एक-दोन चौकोनच मर्यादेच्या वर अडकले असतील तर तेवढी माती उकरून वेगळ्या ढिगात हवा देत ठेवणे संपूर्ण जागेवर आणखी दोन वर्षे घालवण्यापेक्षा परवडते. शेवटची कापणी करताना गवताचे व मुळांचे नमुने धातूंसाठी तपासावेत. ते स्वच्छ निघाले तर गवत त्याच जागी कुजू द्यावे, नाहीतर घातक कचरा म्हणून अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावे.